डाव्या कानाला फर्स्ट क्लास

गिरगाव,
३ जुलै १९५७

चि. उर्मिला,

तुला काकाचा आशीर्वाद. हे पत्र हातात पडेल तेव्हा तुझी काकी आसपास असेल, तर बाहेर जिन्यात जाऊन वाच.

राजलक्ष्मी तुमच्या दादरच्या बिऱ्हाडी येऊन पंधरवडा होत आला. वहिनींना चार दिवस सोबत करते, असं सांगून ती निघाली म्हणे. मला सांगितलं नाही. खालच्या मजल्यावरच्या शामरावांकडून मला कळलं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर आपली बायको कुठे गेली ते शामरावांना विचारावं लागावं, ही आपल्या धैर्यवान घराण्यातली नवीनच रीत.

भांडण तुझ्या कानावर आलं असेलच, पण एकाच बाजूने आलं असेल, म्हणून दुसरी लिहितो. संयुक्त महाराष्ट्रासाठी बायकांचा मोर्चा निघाला, त्या दिवशी मी वाचनालयातून घरी आलो तर घरात कोणी नाही. ताट झाकून ठेवलेलं. दिवेलागणीला ही पोलीस चौकीतून सुटून, गळ्यात झेंडूची माळ घालून, चार बायकांबरोबर हसत हसत जिना चढून आली. आता मी काय मोर्च्याच्या विरुद्ध आहे? चौपाटीवरची एक सभा मी चुकवलेली नाही. पण जाताना सांगून जायला काय हरकत होती, एवढंच मी विचारलं. त्या बायकांच्या आणि शामरावांच्या देखत विचारलं, हे जरा चुकलं असेल. तिथून अबोला सुरू झाला.

खरं म्हणजे अबोला आधीपासूनच होता. गेली दीड-दोन वर्षं ती माझ्याशी नीट बोलतच नाही. स्वयंपाकघरात तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटते आणि मग रागाने भांडी आपटते. शामरावही हल्ली पुटपुटतात. आमच्या सगळ्या वाडीतच पुटपुटण्याची साथ आली आहे. स्वच्छ बोलतात ते फक्त चौपाटीवरचे पुढारी. मी कर्ण्याच्या खांबाखालीच बैठक मारतो, एक शब्द चुकत नाही.

तू बी.एस्सी. झालेली, इस्पितळात नोकरी करणारी मुलगी आहेस. तिला नेमका राग कशाचा आला आहे ते काढून घे आणि मला कळव. मी तिकडे येणार नाही. माझी चूक नसताना येऊ कसा?

तुझा काका,
कमलाकांत


दादर,
६ जुलै १९५७

ती. काकांना उर्मिलेचा नमस्कार.

पत्र जिन्यात वाचलं. वरच्या मजल्यावरच्या बाई दोनदा ये-जा करून गेल्या आणि आता मला कोणाची तरी चोरून पत्रं येतात, असा बोभाटा आमच्या इमारतीत झाला आहे. याची भरपाई तुम्ही करायची.

काकीचं म्हणणं असं. तिने तुम्हाला मोर्च्याचं तीनदा सांगितलं होतं. आदल्या दिवशी कपडे घड्या घालताना, सकाळी चहाच्या वेळी आणि निघताना शेगडीपाशी ताट झाकता झाकता. तिन्ही वेळा तुम्ही "हूं" म्हणालात. शेवटच्या खेपेला तर "हूं, हूं" म्हणालात. तुम्ही ओरडलात याचा तिला राग नाही. ज्यांच्याबरोबर ती दिवसभर चौकीत बसली त्या बायकांसमोर तुम्ही तिला खोटं पाडलंत, याचा आहे. आणि ती म्हणते की हे आजचं नाही. ती बोलते आणि तुम्ही पेपर वाचता. भिंतीशीच बोलायचं, तर भिंती बडोद्यालाही आहेत, असं काल ती आईला म्हणाली.

बडोद्याचं मी मुद्दाम लिहिते आहे. तिचे भाऊ गुरुदत्तमामा नारळी पौर्णिमेला इकडे येताहेत आणि जाताना तिला घेऊन जाणार आहेत. किती दिवसांसाठी, असं आईने विचारलं तर काकी म्हणाली, "बघू." मला हे "बघू" आवडलं नाही. शिवाय तिची चांगल्या साड्यांची ट्रंक तुम्ही दादरला पाठवून द्यावी, असा निरोप आहे. चार दिवसांच्या पाहुणीला ट्रंक कशाला लागते?

आता दुसरं. आमच्या परळच्या इस्पितळात ऑडिओमीटर नावाचं एक यंत्र आलं आहे आणि ते चालवायचं काम माझ्याकडे आहे. दोन्ही कानांना टोप्या लावायच्या. मी बटण फिरवून बारीक शीळ सोडते, ती ऐकू आली की तुम्ही बोट वर करायचं. यंत्रं तुम्हाला आवडतात. एकदा येऊन बघून जा ना.

तुमची,
उर्मिला


गिरगाव,
९ जुलै १९५७

चि. उर्मिला,

यंत्र बघायला येईन. कान दाखवायला येणार नाही. दोन्हींतला फरक तुझ्या ध्यानात असू दे.

तीनदा सांगितलं हे तिने तुला सांगितलं आणि तुला पटलंही. मी घरात असताना तीनदा सांगितलेलं मला एकदाही ऐकू येऊ नये, हे शक्य आहे का? मी "हूं" म्हणतो ते खरं. घरात कोणी काही पुटपुटलं की "हूं" म्हणावं, म्हणजे शांतता राहते. ते उत्तर नव्हे.

बडोद्याला जाऊन ती काय साधणार आहे? दिल्लीने द्विभाषिक करून मुंबई आणि बडोदं एकाच राज्यात डांबलंय, तेव्हा रागावून राज्य सोडून गेल्याचं समाधानसुद्धा तिला मिळायचं नाही. हे तिला सांग. नको, सांगू नकोस.

ट्रंकेची किल्ली सापडत नाही, असा निरोप दे. किल्ली माझ्या कोटाच्या खिशात आहे.

काका


गिरगाव,
१७ जुलै १९५७

चि. उर्मिला,

आज फार आनंदात पत्र लिहितो आहे. तुझं यंत्र झकास आहे. टोप्या घालून बसलो तेव्हा विमानातला पायलट झाल्यासारखं वाटलं. तू बोट वर-खाली करवलंस आणि एकदम पुढच्या पेशंटकडे पळालीस, त्यामुळे निकाल तुझ्याकडून ऐकायचा राहिला. पण तुमचे डॉक्टर माझ्याशी पुष्कळ बोलले. फार सभ्य माणूस आहे. तेही पुटपुटणाऱ्यांतलेच असल्यामुळे सगळं पोचलं नाही, तरी योग्य तिथे मी "हूं" म्हणत गेलो. निघताना त्यांनी चिठ्ठी दिली. तीत लिहिलं आहे: उजवा ४०, डावा ६०.

म्हणजे डाव्या कानाला फर्स्ट क्लास. उजवा जरा ढ निघाला, तरी पस्तिसाच्या वर आहे, पास आहे. या वयात, काही अभ्यास नसताना. मॅट्रिकला मला स्वतःला साठ पडले नव्हते.

त्या दिवसापासून मी माणसांकडे डावी बाजू करूनच बसतो. चौपाटीवर खांबाची बाजू बदलली. शामरावांना सकाळी डावीकडच्या खुर्चीवर बसवतो. त्यांचं पुटपुटणं मात्र हाताबाहेर गेलं आहे. काल तर नुसते ओठ हलत होते. त्यांनीच एकदा तुझ्याकडे येऊन घसा दाखवावा, असं मी त्यांना सुचवलं, तर ते उठून गेले.

चिठ्ठी सोबत पाठवतो. काकीला दाखव. फर्स्ट क्लासातल्या माणसाला ऐकू येत नाही, असं तिने म्हणून दाखवावं.

काका


दादर,
१९ जुलै १९५७

ती. काका,

आधी खुर्चीवर बसा. पाणी जवळ ठेवा.

ते गुण नव्हेत. ही परीक्षा उलटी आहे, इथे शून्य मिळवणारा पहिला येतो. धडधाकट कानाला जेमतेम कळेल असा बारीक आवाज म्हणजे शून्य. तुमच्या कानाला कळेपर्यंत मला तो किती चढवावा लागला, त्याचा आकडा डॉक्टरांनी लिहून दिला. तेव्हा हुशार तो तुमचा उजवा कान. डावा नापास आहे, आणि गेला आठवडा तुम्ही नापासालाच पुढच्या बाकावर बसवलं आहे. शामरावांची माफी मागा. त्यांचा घसा ठीक आहे.

यापुढचं समजावून सांगायला मला धीर होत नाही, कारण ते मला तुम्हीच शिकवलेलं आहे. मी शाळेत असताना गिरगावच्या गॅलरीत तुम्ही तुमच्या विमा कंपनीतलं झिजलेलं लॉग टेबल उघडून बसायचात. म्हणायचात, गुणाकार अंगावर आला की लॉग घे आणि नुसती बेरीज कर, पोरी. आवाजाचं नेमकं तेच आहे. अगदी बारीक आवाजापासून कान दुखेल अशा आवाजापर्यंत जायचं, तर तीव्रता एकावर बारा शून्यांइतकी पट वाढते. एवढी शून्यं रोज कोण लिहीत बसणार? म्हणून दोन तीव्रतांचा भागाकार करायचा, त्याचा लॉग काढायचा आणि दहाने गुणायचं. आले डेसिबेल. तीव्रता दहापट झाली की दहा, शंभरपट झाली की वीस, हजारपट झाली की तीस.

आता तुमचे आकडे घ्या. चाळीस म्हणजे दहा हजारपट. साठ हे चाळिसाच्या दीडपट दिसतं, पण लॉग उलटवून बघा. साठ म्हणजे दहा लाखपट. इतर कोणाला जो आवाज पुरला असता तो दहा लाखपट झाला, तेव्हा कुठे तुमच्या डाव्या हाताचं बोट वर आलं. मी पुढच्या पेशंटकडे पळाले नव्हते, काका. बाहेर पेशंट नव्हताच. मला रडू येत होतं म्हणून गेले.

काकीने तुम्हाला तीनदा सांगितलं होतं. तुम्हाला एकदाही ऐकू आलं नव्हतं. दोन्ही खरं आहे.

चिठ्ठी मी तिला दाखवलेली नाही आणि दाखवणारही नाही. हे तिला तुम्हीच सांगायला हवं. नारळी पौर्णिमा जवळ आली आहे.

तुमची,
उर्मिला


दादर,
२८ जुलै १९५७
(पोस्टकार्ड)

ती. काका, तुमचं पत्र नाही. रागावलात का? गुरुदत्तमामांनी परतीची तिकिटं काढल्याचं कळवलं आहे, दोन. ट्रंकेची किल्ली नसेल तर कुलूप तोडून घ्या, असा काकीचा निरोप आहे. शामरावांकडे डावी बाजू करून बसत नाही ना? उ.


गिरगाव,
३१ जुलै १९५७

चि. उर्मिला,

रागावलो होतो. तुझ्यावर नव्हे, लॉग टेबलावर. सगळी नोकरी मी त्या पुस्तकाच्या जिवावर केली. कोण किती वर्षं जगेल याचा अंदाज करून त्याचा हप्ता ठरवायचा, हे माझं काम. परक्या माणसांच्या आयुष्याचे हिशेब मी चार-चार दशांश स्थळांपर्यंत काढले, आणि स्वतःच्या कानाचा आकडा समोर आला तेव्हा त्याला मॅट्रिकचे गुण समजलो. ऑफिसात कोणाला कळलं तर माझं पेन्शन बंद करतील.

पहिले दोन-चार दिवस मी तुझं गणित खोटं ठरवायला बसलो. तुझं यंत्र बिघडलेलं असेल, असंही धरून पाहिलं. मग शामरावांना बोलावून उजवीकडे बसवलं. ते पेपरातला अग्रलेख वाचत होते, आणि मला तो ऐकू आला. बराचसा. इतके दिवस ते काही पुटपुटत नव्हते तर. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ती इतक्या मोठ्याने स्वीकारली की सगळ्या वाडीला कळलं.

मग मी घरभर हिंडलो आणि काय काय बंद झालं आहे ते आठवू लागलो. घड्याळाची टिकटिक बंद झाली होती, मी ते दुरुस्तीला टाकणार होतो. आता हात लावून पाहिलं तर चालू आहे.

एक गोष्ट विचारायची आहे, आणि मला बरं वाटावं म्हणून खोटं लिहू नकोस. तुझी काकी लग्न होऊन आली तेव्हापासून दुपारी भांडी आवरताना काहीतरी गुणगुणायची. शब्द नसायचे, नुसता सूर. दोन-अडीच वर्षांपूर्वी ते थांबलं. वय झालं असेल असं मला वाटलं. पुढे वाटलं, ती या घरात सुखी नाही. विचारायची हिंमत झाली नाही, आडनाव धैर्यवान असलं तरी. मग मीही गप्प राहू लागलो आणि पेपर वाचू लागलो.

तुमच्याकडे ती गुणगुणते का?

मला भीती वाटते, उर्मिला. आवाज गेल्याची थोडी वाटते. ती गेल्याची फार वाटते.

काका


दादर,
२ ऑगस्ट १९५७

ती. काका,

गुणगुणते. रोज दुपारी गुणगुणते, आणि आई सांगते की गेल्या दोन वर्षांत ती जेव्हा जेव्हा दुपारची गिरगावला आली, तेव्हा काकी गुणगुणतच होती. तुमच्या घरातही ती थांबली नव्हती.

तुम्ही शब्दावर विश्वास ठेवणारे नाही, म्हणून मी आकडे आणले आहेत. डॉक्टरांना विचारून आवाज मोजायचा मीटर एका दिवसापुरता घरी आणला. आईला वाटलं मी वीज मोजते आहे. काकी नेहमीसारखं बोलत होती, तिच्यापासून तीन फुटांवर मीटर धरला, तर पंचावन्न डेसिबेल. गुणगुणणं चाळिसाच्या आतबाहेर. तेवढ्यात शीव कोळीवाड्याची शांती माशांची टोपली घेऊन दारात आली. तिने "कोलंबी घेताव का गो बाय?" अशी हाक दिली, तीही तीन फुटांवरून, आणि काटा पंच्याऐंशीला जाऊन टेकला. फरक तीस. म्हणजे तीव्रतेच्या हिशेबाने एका शांतीत एक हजार राजलक्ष्मीकाकी मावतात. शांतीला हे सांगितलं तर ती इतकी खूश झाली की तिने मूठभर कोलंबी वर घातली.

डॉक्टर म्हणतात, कानात घालायचं यंत्र मिळतं. डबी खिशात ठेवायची आणि तार कानापर्यंत न्यायची. पण ते परदेशातून बोटीने यायचं, त्याला काही महिने जातील. तोवर एक उपाय तुमच्या हातात आहे. आवाज लांब जाताना पसरत जातो. अंतर निम्मं केलं की तीव्रता चौपट होते. पुढचं तुम्हाला सांगायला नको.

काकीला मी आडून विचारून पाहिलं, काकांना कमी ऐकू येत असेल का गं? ती म्हणाली, "चहा झाला म्हटलेलं बरोबर ऐकू येतं त्यांना." दुसऱ्या कोणी सांगून तिला पटायचं नाही, काका. पौर्णिमेला आता आठवडा उरला आहे.

तुमची,
उर्मिला


गिरगाव,
५ ऑगस्ट १९५७

चि. उर्मिला,

चहाचं उत्तर सोपं आहे. कपबशी वाजते. कपबशीचा आवाज पातळ आणि टोकदार असतो, तो मला पोचतो. तिचं बोलणं पोचत नाही.

हजार राजलक्ष्मींचं गणित तपासलं, बरोबर आहे. मला एकच परत मिळाली तरी पुरे.

आता माझं गणित बघ. माझी आरामखुर्ची पुढच्या खोलीत खिडकीशी, शेगडी आत. टेप लावून मोजलं, बारा फूट. तीन फुटांवर तिचे पंचावन्न, तर चौपट अंतरावर तीव्रता सोळावा भाग. सोळाचा लॉग १.२०४१, म्हणजे बारा डेसिबेल वाटेतच गेले. उरले त्रेचाळीस. माझ्या बऱ्या कानाचा उंबरठा चाळीस. म्हणजे इतके दिवस आमचा संसार तीन डेसिबेलवर चालला होता, आणि तोही शेगडीवर फोडणी चरचरत नसेल तेव्हा, मी उजवी बाजू करून बसलो असेन तर. मी खिडकीकडे तोंड करून बसतो, म्हणजे शेगडीकडे कायम डावी बाजू. लग्न करून मी तिला काय दिलं, त्याचा एवढा नेमका हिशेब आजवर निघाला नव्हता.

पण खुर्ची उचलून शेगडीपासून दीड फुटावर ठेवली, तर अंतर आठवा भाग, तीव्रता चौसष्टपट, लॉग १.८०६२. अठरा डेसिबेल मिळाले. तीन आणि अठरा एकवीस. एवढ्यात माणसाशी बोलता येतं.

हे करता करता आणखी एक गंमत सापडली. एक माणूस ओरडला आणि त्याच्या जागी लाख माणसं ओरडली, तर पन्नासच डेसिबेल वाढतात. चौपाटीवर आपण एवढे घसे फोडतो ते दिल्लीला का पोचत नाही, हे मला आज कळलं. शामरावांना सांगितलं, तर ते म्हणाले की दिल्लीला बहुधा तुमचा डावा कान बसवलेला आहे.

उद्या दुपारी दादरला येतो. तू कामावर असशील तेव्हा. तुझ्यासमोर मला जमायचं नाही.

किल्ली घेऊन येतो. ट्रंक आणत नाही.

काका


गिरगाव,
९ ऑगस्ट १९५७

चि. उर्मिला हिला काकीचे आशीर्वाद.

कामावरून घरी आलीस आणि माझी पिशवी जागेवर नाही, हे बघून दचकली असशील. जाऊबाईंनी तुला सांगितलं असेल, पण त्या आत कोलंबी सोलत होत्या, त्यांना अर्धंच ठाऊक. बाकीचं मी लिहिते. मला पत्रं लिहायची सवय नाही, तेव्हा चुका काढू नकोस.

हे ट्रॅमने आले. घामाने सदरा भिजलेला. मी पाणी दिलं, बोलले नाही. ह्यांना खुर्ची दाखवली तर खुर्चीवर बसले नाहीत. माझ्या बाकावर, माझ्या डावीकडे येऊन बसले. इतकी वर्षं लग्नाला झाली, चारचौघांत माझ्या इतक्या जवळ हे कधी बसले नव्हते. मग म्हणाले, "अगं, मला ऐकू येत नाही."

हे मोठ्याने म्हणाले. आपला आवाज किती मोठा आहे ते ह्यांना कळत नाही ना. शेजारच्या ब्लॉकातली माणसं गॅलरीत आली. हे थांबले नाहीत. म्हणाले, तू तीनदा सांगितलंस, मी ऐकलं नाही, आणि त्या बायकांसमोर तुला खोटं पाडलं. त्यांच्यासमोरही जाऊन सांगणार आहे. मग खिशातून कागद काढून मला गणित दाखवायला लागले. मला त्यातलं काही कळलं नाही. तिनाचे एकवीस होतात एवढं कळलं. मी चहाचं विचारलं. हे म्हणाले, कपबशी वाजते. तेव्हा मला हसू आलं, आणि एकदा हसल्यावर रागावून बसता येत नाही.

ह्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. ट्रंक हवी असेल तर स्वतः आणून देतो, म्हणाले, पण आधी एकदा घरी चल. म्हणून आले. गुरुदत्तला तार केली आहे. तो पौर्णिमेला येईल, त्याला नारळीभात वाढीन आणि एका तिकिटाचे पैसे बुडवल्याबद्दल त्याची बोलणी खाईन.

इथली हकीकत सांगते. आरामखुर्ची स्वयंपाकघरात आली आहे. तिचा हात फडताळाला लागतो, मला पाटा ओढायला जागा नाही, आणि काल ह्यांच्या धोतरावर फोडणीचं तेल उडालं. दीड फूट म्हणजे दीड फूट, मागे सरकवू देत नाहीत. जमिनीवर खडूची रेघ मारून ठेवली आहे. शामराव येतात तेही आता स्वयंपाकघरातच बसतात, उजवीकडे. माझ्या स्वयंपाकघरात सकाळी अग्रलेख वाचला जातो. तू तुझ्या डॉक्टरांना विचार, ती बोट लवकर येईल का.

एक सांगायचं राहिलं. ते तुला सांगावं की नाही, याचा काल दिवसभर विचार केला.

काल दुपारी भाजी चिरत होते, तर हे म्हणाले, दोन वर्षांत जे जे बोललीस आणि माझ्यापर्यंत पोचलं नाही, ते सगळं आता सांग. मी म्हटलं, ते काय लक्षात राहतं? कोथिंबीर आणा, छत्री न्या, कोळसेवाला येऊन गेला. हे म्हणाले, चालेल, तेच सांग. मग मी आठवेल तसं सांगत गेले आणि हे एकेका कोथिंबिरीला मान डोलवत गेले. माझी चेष्टा करताहेत असं आधी वाटलं. करत नव्हते.

मग मला एक गोष्ट आठवली. हे रिटायर झाले त्या दिवशी मी भात वाढत होते. ऑफिसातून हार-तुरे घेऊन आले होते, चेहरा पडलेला. मला कधी तसं बोलता येत नाही, पण त्या दिवशी मी बोलले होते. म्हटलं होतं, तुम्ही आता दिवसभर घरी असाल, मला फार बरं वाटलं. ह्यांनी वर पाहिलं नाही. म्हणाले, मीठ वाढ. मी मीठ वाढलं. त्यानंतर मी तसलं काही बोलले नाही.

हे मी ह्यांना सांगितलं. भाजी चिरता चिरता, खाली बघूनच सांगितलं. मला वाटलं, याही खेपेला पोचलं नाही. मान वर करून पाहिलं तर ह्यांचे डोळे भरले होते.

"परत म्हण," हे म्हणाले.

"आता कशाला?"

"तेव्हा उत्तर द्यायचं राहिलं."

म्हणून मी परत म्हटलं. ह्यांनी काय उत्तर दिलं ते मी तुला लिहिणार नाही. पण ते इतक्या हळू दिलं, उर्मिला, की ऐकायला मला जवळ सरकावं लागलं.

तुझी काकी,
राजलक्ष्मी